खलाशी बाहेरचा असला तरी निवारा मिळतो, हा खुलासा

आमच्याकडे बंदरावर वर्षानुवर्षं एक गोष्ट फिरतेय, की वादळ आलं तर शाळेतल्या निवाऱ्यात गावचं रेशनकार्ड असलेल्यालाच घेतात, नेपाळी खलाशांना नाही. हे साफ चूक आहे. निसर्ग वादळाच्या आदल्या रात्री, २ जून २०२० ला, एक नेपाळी पोरगा प्लास्टिकच्या पिशवीत कपडे घेऊन शाळेच्या पडवीत भिजत उभा होता, कोणीतरी त्याला हेच सांगितलेलं, मीच हाताला धरून आत नेला.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, त्यातल्या कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरण निवारा, जेवण, पाणी पुरवू शकतं आणि त्यात रेशनकार्डाची अट कुठेच नाहीये. कलम ६१ तर सरळ म्हणतं की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यावरून भेदभाव करायचा नाही.

घोळ होतो तो घराच्या पैशांवरून. पडझडीची मदत तलाठ्याच्या पंचनाम्यावर मिळते, ती घरमालकाला, त्यामुळे भाड्याच्या खोलीतल्या खलाशाला भिंतीचे पैसे येत नाहीत हे खरं, पण ते भाडेकरू म्हणून, परका म्हणून नाही, आणि छताखाली रात्र काढायला तर सातबारा लागतच नाही ओ.