डोंगरावरील प्रवचन

बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ ते ७ या अध्यायांतील येशू ख्रिस्ताचा उपदेश. ख्रिस्ती नीतिविचाराचा हा गाभा मानतात. मत्तयाने येशूची शिकवण पाच मोठ्या प्रवचनांत गुंफली आहे; त्यांतले हे पहिले. येशू डोंगरावर चढून बसतो आणि शिकवू लागतो, हे वाचताना सीनाय पर्वतावर देवाकडून नियमशास्त्र स्वीकारणाऱ्या मोशेची आठवण यावी अशी मांडणी आहे.

आरंभी धन्योद्गार येतात : ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’. लूककृत शुभवर्तमानात येशू सपाट जागी उभा आहे आणि तो थेट दीनांनाच धन्य म्हणतो. दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द ‘प्तोखोस’ आहे. त्याचा अर्थ हात पसरावा लागेल इतका कंगाल. म्हणून ‘आत्म्याने दीन’ म्हणजे नुसते ‘नम्र’ असा अर्थ लावला, की वचनाची धार जाते.

त्यानंतरची ‘तुम्ही ऐकले आहे… मी तर तुम्हांला सांगतो’ ही सहा विधाने अभ्यासाचा कस पाहतात. खुनाची मनाई रागापर्यंत, व्यभिचाराची नजरेपर्यंत नेलेली आहे. नीतीची कसोटी कृतीवरून मनात जाते. पण त्याआधीच येशू म्हणतो, की मी नियमशास्त्र रद्द करायला नव्हे, पूर्ण करायला आलो आहे. हे वाक्य गाळून यहुदी धर्म कठोर आणि येशू प्रेमळ अशी वाटणी करणे हा जुना आणि घातक गैरसमज आहे. येशू यहुदी परंपरेच्या आतूनच बोलतो आहे.

‘कोणी तुझ्या उजव्या गालावर मारले, तर त्याच्यापुढे दुसराही कर’ या वचनातला ‘उजव्या गालावर’ हा तपशीलही सहज आलेला नसावा. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचे तर हात उलटा पडतो. मिश्ना या यहुदी ग्रंथात साध्या चापटीला २०० झूझ (चांदीची नाणी), तर उलट्या हाताच्या फटक्याला ४०० झूझ भरपाई आहे, कारण त्यात अपमान अधिक. तेव्हा प्रश्न मार सोसण्याचा कमी आणि अपमानाला सूडाने उत्तर न देण्याचा जास्त, असे अनेक अभ्यासक मानतात.

हे सारे आचरणात आणायचे कसे, यावर मतभेद झाले. मध्ययुगात यातील कठीण वचने संन्यस्तांसाठीचा उपदेश ठरली. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला ही विभागणी अमान्य होती. रशियन लेखक टॉलस्टॉयने ‘दुष्टाला अडवू नका’ हे शब्दशः घेऊन युद्ध आणि न्यायालये दोन्ही नाकारली. गांधीजींनी लंडनमध्ये हे अध्याय वाचले तेव्हा त्यांना गीता आणि गुजराती कवी शामळ भट्टांचा पाण्याच्या बदल्यात भोजन देण्याविषयीचा छप्पय (एक पद्यप्रकार) आठवला.

मराठीत या प्रवचनाचा सर्वांत खोल ठसा कवी ना. वा. टिळकांवर उमटला. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना ते या तीन अध्यायांपाशी थांबले. हिंदू तत्त्वज्ञानातल्या अवघड प्रश्नांची उत्तरे आपल्याला येथे सापडली, असे ते सांगत. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.