उदासीवरची गोळी सुरू करण्याआधी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम ऐन भरात असताना एखादा तरुण अडत्या रात्री जेमतेम तीन तास झोपतो, पहाटे चारला लोकांना फोन लावतो, ऐपतीबाहेरचे सौदे करून मोकळा होतो. घरचे कौतुकाने सांगतात, ‘पोरगं कामाला वाघ आहे.’ काही महिन्यांनी तोच पोरगा अंथरूण सोडत नाही, ‘माझं सगळं संपलं’ म्हणतो. मग त्याला डॉक्टरांकडे नेतात, पण सांगतात ते एवढंच. हंगामातल्या त्या रात्रींचा विषयच निघत नाही.

बायपोलर आजारात मन कधी अशा अति तेजीत, म्हणजे उन्मादात, तर कधी नैराश्यात जातं; पण तो असा निम्माच समोर येतो. नुसतं नैराश्य समजून एकटं अँटीडिप्रेसंट, म्हणजे उदासीवरची गोळी, दिलं, तर काही रुग्णांचं मन थेट उन्मादाकडे झेपावतं. म्हणून ‘झोप कमी होऊनही थकवा नाही, असे दिवस कधी आले होते का?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो रुग्णाच्या आईला किंवा बायकोलाही विचारावा. त्या तेजीत रुग्णाला स्वतःला काही बिघडलंय असं वाटतच नाही.

मूड स्टॅबिलायझरच्या, म्हणजे मनाचे चढउतार आवरणाऱ्या औषधाच्या, जोडीला अँटीडिप्रेसंट दिलं तर? अमेरिकेत 366 रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि 2007 मध्ये निष्कर्ष आले. सलग आठ आठवडे मन स्थिर राहिलेले रुग्ण अँटीडिप्रेसंटच्या गटात 23.5 टक्के होते, तर औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 27.3 टक्के. उन्मादाकडे वळण्याचं प्रमाण दोन्हीकडे दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जोडीने देऊन धोका वाढला नाही, पण सरासरीने फायदाही दिसला नाही. तरी काहींना, विशेषतः बायपोलर-2 मध्ये (यात तेजी सौम्य असते), ही औषधं उपयोगी पडतात. मनोविकारतज्ज्ञ ती लक्ष ठेवून देतात.

बायपोलर नैराश्यात आधी विचार होतो तो क्वेटियापिन, लुरासिडोन, लॅमोट्रिजिन, लिथियम अशा औषधांचा. लिथियम 1949 पासून उन्मादावर वापरात आहे आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचं नाव आजही वर आहे. मात्र रक्तातली त्याची पातळी, किडनी आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावं लागतं. एप्रिलच्या उन्हात ऊसतोडीला घाम गाळून पाणी कमी पडलं, किंवा कंबरदुखीवर मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक घेतलं, तरी ही पातळी चढू शकते. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.