रॉकेट बघताना अंगावर काटा येतो आणि पोटात खड्डाही पडतो, त्यामागची गोष्ट

14 जुलै 2023 ला दुपारी 2:35 ला श्रीहरिकोटाहून चांद्रयान-3 उडालं तेव्हा मी लाइव्ह बघत होते, काउंटडाऊन संपला, खालून धुराचे लोट फुटले आणि डोळे भरूनच आले. आणि नेमकं त्याच मिनिटाला मनात आलं की एवढा पैसा आणि एवढी हुशार माणसं दुसऱ्या कशाला लावली असती तर? बरीच वर्षं मला वाटायचं की यातलं एक काहीतरी खोटं असणार, एकतर माझा आनंद नाहीतर माझी शंका. नंतर जुनं वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की ही घालमेल माझ्या एकटीची नाही, लाँचपॅडपाशी ती पहिल्यापासून उभी आहे.

सगळ्यात ठळक दिसते ती 15 जुलै 1969 ला, म्हणजे अपोलो 11 उडायच्या आदल्या दिवशी. फ्लोरिडात केनेडी स्पेस सेंटरच्या बाहेर रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनॅथी गरीब कुटुंबांना घेऊन आले होते, मार्टिन ल्यूथर किंग गेल्यावर त्यांची संघटना हेच चालवत होते. सोबत खेचरं जुंपलेल्या गाड्या. आभाळ भरलेलं, लांबून गडगडाट, मधूनच पावसाची भुरभुर. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः चालत त्यांना भेटायला गेले, अंगात कोटसुद्धा नव्हता. अ‍ॅबरनॅथींचं म्हणणं सरळ होतं, देशातल्या पाचातल्या एका माणसाला धड अन्न, कपडे, निवारा, औषधं मिळत नाहीत आणि आपण चंद्रावर चाललोय. पेन म्हणाले की उद्या बटण न दाबल्यानं गरिबी संपणार असेल तर आम्ही बटण दाबणार नाही. शिवाय हेही म्हणाले की माणसांच्या या प्रश्नांपुढे चंद्रावर जाणं म्हणजे पोरखेळ आहे. नासाच्या प्रमुखानं हे म्हणावं, तेही लाँचच्या आदल्या दिवशी, हे मला फार मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्यातल्या काही कुटुंबांना पेननी आत पाहुण्यांच्या जागेतून लाँच बघायला बोलावलं. सकाळी 9:32 ला 111 मीटर उंचीचं सॅटर्न 5 उठलं, बघणारे काही किलोमीटर लांब, त्यामुळे आधी नुसता जाळ दिसतो आणि आवाज मागून येतो, कानात कमी आणि छातीत जास्त. अ‍ॅबरनॅथींनीच नंतर सांगितलं की त्या क्षणापुरतं देशातल्या भुकेल्या माणसांचा त्यांनाही विसर पडला. पण म्हणून त्यांनी मागणी सोडली नाही.

पैशाचा प्रश्नही हवेतला नव्हता, 1966 च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय बजेटमधल्या दर 100 डॉलरमधले 4 हून जास्त नासाकडे जात होते.

आणि त्याच सॅटर्न 5 ची मुळं शोधत मागे गेलं की दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनीचं व्ही-2 हे क्षेपणास्त्र लागतं. डिझाइनमागचा माणूस तोच, वेर्नर फॉन ब्राउन. व्ही-2 बनवलं मिटेलबाउ-डोराच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून, डोंगराखालच्या बोगद्यांत, सुमारे 60,000 कैदी तिथून गेले आणि त्यातले 20,000 च्या आसपास मेले. हे वाचल्यापासून लाँचची जुनी फिल्म बघताना मला ते बोगदे आठवतात, त्याला इलाज नाही.

आपल्याकडे हा प्रश्न तर आणखी टोकदार होता, कारण आपण गरीबच होतो. आपला अवकाश कार्यक्रम सुरू करणाऱ्या विक्रम साराभाईंनी तो टाळला नाही. त्यांचं म्हणणं असं की चंद्रावर जायच्या शर्यतीत श्रीमंत देशांशी बरोबरी करायची स्वप्नं आपण बघत नाही, पण लोकांचे खरे प्रश्न सोडवायला हे तंत्रज्ञान वापरण्यात आपण कुणाच्या मागे राहता कामा नये. ते 1971 मध्ये गेले, पण 1975-76 मध्ये साईट (SITE) नावाच्या प्रयोगात अमेरिकेच्या उपग्रहावरून 6 राज्यांतल्या 2,400 गावांत टीव्ही पोचला, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या डिश उभारून. शेती, आरोग्य, सकाळी शाळेचे कार्यक्रम. वादळाचंच बघा ना, 1999 ला ओडिशात सुमारे 10,000 माणसं गेली आणि 2013 च्या फायलिनमध्ये आकडा शंभरच्याही आत राहिला, अर्थात ते एकट्या उपग्रहाचं श्रेय नाही, लाखो लोकांना वेळेत हलवलं गेलं म्हणून झालं, पण वादळ कुठे येतंय ते दिसत होतं म्हणूनच ना हलवता आलं.

माझी खरी घालमेल इथून पुढची आहे. 2008 ला चांद्रयान-1 गेलं, म्हणजे साराभाईंनी जे आपलं स्वप्न नाही म्हटलं होतं तिकडेच आपण निघालो. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. पण गावातल्या टीव्हीचा हिशोब जसा मांडता येतो तसा चंद्राचा मला अजून मांडता आलेला नाही.

आणि एक हिशोब तर त्याच्याही आधीचा आहे. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळातल्या थुंबाहून आपल्याकडचं पहिलं रॉकेट गेलं, संध्याकाळच्या आभाळात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग पसरला. त्याआधी तिथली कोळी कुटुंबं दुसरीकडे हलवावी लागली होती, सेंट मेरी मॅग्डलीनचं त्यांचं चर्च बिशप पीटर बर्नार्ड परेरांनी लोकांना विचारून रॉकेटवाल्यांना दिलं आणि सुरुवातीचं काम त्याच चर्चमध्ये बसून झालं. ते चर्च आज स्पेस म्युझियम आहे. मी कधीतरी थुंबाला गेले तर रॉकेटच्या आधी मला ते चर्च बघायचंय.