बाटिकमधले तडे आणि थंड रंग

बाटिक म्हणजे कापडाचा काही भाग मेणाने झाकून बाकीचा रंगवायची पद्धत. बाटिकचं चित्र म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतात त्या मेणाच्या तड्यांतून झिरपलेल्या रंगाच्या बारीक रेघा. इंडोनेशियातल्या मध्य जावाच्या कसबी कारागिरांच्या लेखी मात्र हा दोष होता. चंटिंग म्हणजे तांब्याची बारीक तोटी. तिने कापडाच्या दोन्ही बाजूंना मेण चढवायचं आणि ते तडकू द्यायचं नाही, ही तिथली शिस्त.

1927 साली रवींद्रनाथ ठाकूर जावाला गेले, तेव्हा चित्रकार सुरेंद्रनाथ कर सोबत होते. त्यानंतर शांतिनिकेतनात बाटिक रुजलं. रवींद्रनाथांच्या सून प्रतिमादेवी यांचा त्यात मोठा वाटा. 1966 मध्ये चित्रकार के. सी. एस. पणिकरांनी चेन्नईजवळ चोळमंडल कलाग्राम उभारलं. तिथल्या चित्रकारांना बाटिकच्या विक्रीने पोटापुरतं मिळवून दिलं. नेसायचं कापड भिंतीवर आलं, चंटिंगच्या जोडीला ब्रश आला आणि तडे हवेसे झाले.

बाटिक असं बदलण्याचं दुसरं कारण रंगाचं. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उकळते रंग बाद. 1956 साली आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीने थंड पाण्यात सुती धाग्याशी पक्के जुळणारे प्रोसियन रंग आणले आणि बादलीभर पाण्यात, घरच्या खोलीत बाटिक जमू लागलं.

बेळगावच्या शहापूर-वडगावात मागावरचं कापड हाताशी आहे, पण घेताना एक धागा जाळून बघावा. सुताची मऊ राख होते. पॉलिस्टरची कडक गोळी होते, आणि त्यावर प्रोसियन चढत नाही. नव्या कापडातली खळ गरम पाण्यात धुऊन काढावी, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो.

पॅराफिन आणि मधमाशीचं मेण निम्मं-निम्मं घ्यावं. पॅराफिन वाढवलं तर तडे वाढतात, मधमाशीचं वाढवलं तर मेण लवचिक राहतं. मेण लावलेली जागा ओल्यासारखी पारदर्शक दिसली पाहिजे. पांढरट दिसली तर मेण थंड आहे, वरच बसलंय, खालून रंग शिरणार. धूर निघाला तर आच लगेच बंद करावी. पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकू नये, झाकण ठेवावं.

रंगवण्याआधी कापड लिटरला 20 ग्रॅम सोडा ॲशच्या (धुण्याच्या सोड्याच्या) पाण्यात भिजवतात. इथल्या पावसाळ्यात कापड आतून दमट राहतं आणि त्यावर मेण धरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात रंगाची क्रिया मंदावते, म्हणून रंगवलेलं कापड ओलं असतानाच प्लास्टिकखाली झाकून रात्रभर ठेवावं. मेण शेवटी उकळत्या साबणाच्या पाण्यात सोडवायचं. नुसती रद्दी ठेवून इस्त्री फिरवली, तर कडेने तेलकट वर्तुळं राहतात.