फूटपट्टी म्हातारी झाली तर

१९०५ साली पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी तेओडोर सिमाँ यांनी मुलांची बुद्धी जोखायला काय काय वापरलं, ते वाचून आज गंमत वाटते. पेटती काडी डोळ्यांसमोरून नेली तर मुलाची नजर तिच्यामागे जाते का? चॉकलेटचा तुकडा आणि लाकडाचा तुकडा यांतला खायचा कुठला, हे त्याला कळतं का? अशा चढत्या क्रमाच्या ३० कसोट्या होत्या. शेवटी अमूर्त शब्दांच्या अर्थांतला फरक सांगायचा.

यामागे गरज सरकारी होती. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं होतं आणि वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळं शिकवायला हवं, हे ठरवायचं होतं. बिनेने त्याआधी मुलांची डोकी मोजून पाहिली होती. हुशार आणि ‘ढ’ मुलांच्या डोक्यांत सांगण्यासारखा फरक सापडला नाही, तेव्हा त्याने तो नाद सोडला आणि मुलांना सरळ कामाला लावलं. १९०८ मध्ये त्याने कसोट्या वयानुसार लावल्या. आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमतं ते जमलं, की ‘मानसिक वय’ आठ. हे वय कायमचं शिक्कामोर्तब आहे, असं मात्र तो मानत नव्हता. योग्य शिकवणीने बुद्धी वाढते, हे त्याने हिरिरीने मांडलं.

भागाकार नंतर आला. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं सुचवलं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुइस टर्मनने १९१६ मध्ये त्याला शंभराने गुणलं. आठ वर्षांचं मूल दहा वर्षांच्या मुलासारखं उत्तर देत असेल तर बुद्ध्यंक १२५. मुलांपुरतं ठीक. पण चाळिशीतल्या माणसाचं मानसिक वय साठ आहे, असं म्हटलं तर ती स्तुती की निंदा?

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या डेव्हिड वेक्सलरने ही अडचण १९३९ मध्ये सोडवली. त्याने भागाकारच काढून टाकला. तुमची तुलना तुमच्याच वयाच्या लोकांशी करायची आणि त्यांच्या सरासरीला १०० म्हणायचं. आज वापरात असलेल्या बहुतेक कसोट्यांत पट्टी अशी आखलेली असते की साधारण दोन तृतीयांश माणसं ८५ ते ११५ यांच्या दरम्यान बसतात. तेव्हा ‘बुद्ध्यंक’ या शब्दात अंक असला तरी तो किलो किंवा सेंटिमीटरसारखा नाही. १२० वाल्याकडे १०० वाल्यापेक्षा २० टक्के जास्त बुद्धी असते, हे वाक्यच निरर्थक आहे. तो रांगेतला नंबर आहे, आणि रांग कुणाची हे ठाऊक नसेल तर नंबरालाही अर्थ नाही.

पण मोजलं काय जातं? इंग्लंडच्या चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्येच एक गोष्ट टिपली होती. ज्याला एका विषयात चांगले गुण, त्याला सहसा बाकीच्या विषयांतही चांगलेच. ‘गणितात कच्चा म्हणजे भाषेत पक्का असणार’ हा आपल्याकडचा लाडका दिलासा आकडेवारीत टिकत नाही. या सगळ्यांमागे एक सामान्य घटक असावा, असं स्पिअरमनचं म्हणणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थर्स्टनला त्याऐवजी सात वेगळ्या क्षमता दिसल्या. रेमंड कॅटेलने नव्या कोड्याला भिडणारी तरल बुद्धी आणि शिकून साठलेली बुद्धी असे दोन भाग केले. ही विभागणी आजही कामाची आहे. भाषा, संगीत, शरीर अशा प्रत्येकाची बुद्धी वेगळी, हा हॉवर्ड गार्डनरचा १९८३ चा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत शिक्षकांना फार आवडतो. मलाही ऐकायला आवडतो, पण पुराव्याच्या बाबतीत तो लंगडाच आहे. आणि त्याच्या नावावर बोटांचे ठसे घेऊन मुलाची ‘जन्मजात बुद्धी’ सांगणारे जे पैसे उकळतात, त्या प्रकाराला शास्त्रीय आधार शून्य.

सर्वांत मोठा धक्का मात्र सिद्धांतांनी दिला नाही, जुन्या कागदांनी दिला. न्यूझीलंडमध्ये शिकवणाऱ्या जेम्स फ्लिनने १९८० च्या दशकात अनेक देशांचे जुने-नवे निकाल शेजारी ठेवले. अमेरिकेत दर दहा वर्षांना सुमारे तीन गुणांची वाढ दिसत होती. कसोटी नव्या पिढीवर घेऊन नव्याने प्रमाणित केली की सरासरी पुन्हा १०० वर आणून ठेवतात, म्हणून ही चढण कुणाच्या नजरेत भरत नव्हती. मग आपले पणजोबा मंदबुद्धी होते का? फ्लिनचं उत्तर असं, की आपण डोळ्यांवर वेगळा चष्मा चढवला. कुत्रा आणि ससा यांत साम्य काय, असं विचारलं तर जुना माणूस सांगेल, कुत्र्याने सशाची शिकार करतात. आजचं शाळकरी पोर म्हणेल, दोघंही सस्तन प्राणी. गुण दुसऱ्याला मिळतात. शिकारीला कोण जास्त उपयोगी पडेल, हा प्रश्न वेगळा.

इथे गोष्ट आपल्या दारात येते. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात टर्मनच्या स्टॅनफर्ड कसोटीवरून मराठी आणि कन्नड मुलांसाठी कसोटी बेतली. परकी कसोटी उचलून इथल्या मुलांसमोर ठेवण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं काम होतं. बिने-कामत कसोटी पुढे सुधारली गेली, देशभर पसरली, आणि बौद्धिक अक्षमता तपासताना अजूनही अनेक ठिकाणी तीच काढली जाते. तिच्यातली तुलना मात्र कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांशी आहे.

फ्लिनचा वेग आपल्याकडे तसाच लागू पडेल असं नाही, पण हिशोबापुरता धरू. मानकं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना होते त्या मुलांचे निकाल, ३० वर्षं जुनी असली तरी नऊ गुण फुकटात मिळतात. आजच्या मुलांच्या रांगेत ज्याचा बुद्ध्यंक ६६ यायचा, त्याचा जुन्या रांगेत ७५ येतो. अक्षमता ठरवताना मुलाचं रोजचं वागणं, स्वतःचं स्वतः करता येणं हेही पाहतात. तरी ७० च्या आसपासच्या रेषेला, जिच्याखाली अक्षमता धरतात, वजन असतंच. रेषेच्या वर गेलेल्या मुलाच्या आई-वडिलांना घटकाभर बरं वाटतं. मग अक्षमतेचं प्रमाणपत्र नाही, परीक्षेतली सवलत नाही, आणि मूल मात्र त्याच वर्गात त्याच बाकावर, फळ्याकडे बघत बसलेलं.