कोअर सोळा, कुलूप एक

इंटरनेटवरून जाणाऱ्या फोनमध्ये नेहमीच्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतात आणि दर 20 मिलिसेकंदांचा तुकडा एका पॅकेटात भरून धाडतात. म्हणजे एका माणसाची सेकंदाला 50 पॅकेटं. बोलणारे दोघं, म्हणून मधल्या सर्व्हरकडे शंभर येतात, शंभर जातात. हजार कॉल चालू असले की दोन लाखांची ये-जा! शिवाय इथे उशीर खपत नाही. वेबपान अर्धा सेकंद रेंगाळलं तरी चालतं, आवाजाचं पॅकेट तेवढं रेंगाळलं तर टाकूनच द्यावं लागतं.

हे काम कोअरांमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांमध्ये, वाटणं वरवर सोपं आहे. फ्रीस्विचसारखं कॉल जोडणारं सॉफ्टवेअर कॉलच्या प्रत्येक बाजूला वेगळा थ्रेड, म्हणजे कामाचा स्वतंत्र धागा, देतं. एका कॉलच्या आवाजाला दुसऱ्याशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळे एका कोडेकमधून (आवाज आकड्यांत बांधायच्या पद्धतीतून) दुसऱ्यात आवाज बदलण्याचं जड कामसुद्धा बिनबोभाट वाटलं जातं.

घोडं अडतं ते सामाईक गोष्टींपाशी. 'सध्या कॉल किती' हा साधा आकडाच घ्या. 41 वाचायचा, एक मिळवायचा, 42 लिहायचा. दोन थ्रेडनी एकदम 41 वाचला तर दोघंही 42 लिहितात आणि एक कॉल हिशेबातून गायब! म्हणून आकड्याला कुलूप लावतात, म्हणजेच लॉक. मग बाकीचे थ्रेड रांगेत. एकामागून एकच करावं लागणारं काम फक्त 5 टक्के असलं, तरी कितीही कोअर लावा, वेग 20 पटींपुढे जात नाही. संगणकांची रचना करणारे जीन अ‍ॅमडाल यांच्या 1967 मधल्या युक्तिवादातून निघणारा हा हिशेब मला अजूनही क्रूर वाटतो.

त्याहून छुपी भानगड कॅशेची, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीची. बऱ्याच प्रोसेसरांत कॅशे 64 बाइटांच्या ओळींनी हलते. दोन कोअरांचे वेगवेगळे आकडे योगायोगाने एकाच ओळीत पडले, तर कुलूप नसतानाही ती ओळ दोघांत ओढली जाते.

यावर तोडगा म्हणजे प्रत्येक कोअरला स्वतःचा आकडा, स्वतःच्या ओळीत. बेरीज कुणी विचारेल तेव्हा. कॉलांच्या यादीचेही तुकडे करून प्रत्येकाला वेगळं कुलूप लावतात.

कॉन्फरन्समध्ये मात्र सगळ्यांचे आवाज एकत्र आणावेच लागतात. तिथला थ्रेड सगळ्यांची एकदाच बेरीज करतो आणि ज्याला पाठवायचं त्याचा स्वतःचा आवाज त्यातून वजा करतो. हे दर 20 मिलिसेकंदांनी. एखाद्याचा तुकडा वेळेत आला नाही, तर त्याच्या जागी शांतता धरून पुढे जातो.