चकमकीची बातमी: पहिल्या दिवसानंतर काय?

‘चकमक’ म्हणजे दोन्हीकडून गोळीबार. तो खरंच झाला का, हे चौकशीत ठरायचं असतं. मुंबईच्या गुन्हेगारी बातम्यांत मात्र हा शब्द पहिल्या दिवशीच, अवतरणचिन्हांशिवाय छापला जातो.

११ जानेवारी १९८२ला वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मुंबईतली पहिली चकमक म्हणून तीच सांगितली जाते. नव्वदच्या दशकात खंडणीच्या फोनांनी शहर धास्तावलं होतं, तेव्हा अशा बातम्या नित्याच्या झाल्या. पोलिसांच्या प्रेसनोटचा साचा ठरलेला: खबऱ्याची टीप, सापळा, शरण येण्याचं आवाहन, त्याने झाडलेली गोळी, स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर, दाखल करण्यापूर्वीच मृत्यू. त्यावर ‘कुख्यात गुंडाचा खात्मा’ असा मथळा. ‘चकमकफेम’ हे विशेषण मराठी वर्तमानपत्रांनीच रूढ केलं. क्राइम रिपोर्टरला उद्याची बातमीही त्याच अधिकाऱ्याकडून घ्यायची असे, हे खरं. पण मृताच्या घरची बाजू त्यात राहून गेली.

१९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींत १३५ माणसं मेली. हा प्रश्न पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने न्यायालयात नेला आणि २३ सप्टेंबर २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने १६ सूत्रं घालून दिली. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायची, आणि घटनेनंतर लगेच बढती वा शौर्यपदक द्यायचं नाही. बातमीदारासाठी ही आयती प्रश्नावली आहे. गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवला, तपास कोणाकडे, अहवाल कधी येणार, हे पहिल्याच दिवशी विचारता येतं.

लखनभैया प्रकरण मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ११ नोव्हेंबर २००६ला वर्सोव्यात लखनभैया ऊर्फ रामनारायण गुप्ता हा कथित गुंड चकमकीत मेल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. त्याआधीच, त्याला उचलून नेलं आहे अशा तारा त्याच्या वकील भावाने वरिष्ठांना केल्या होत्या. उच्च न्यायालयाने २००९मध्ये विशेष तपास पथक नेमलं. २०१३मध्ये २१ जण दोषी ठरले, त्यांत १३ पोलीस. त्या वेळी सुटलेले ‘चकमकफेम’ पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना १९ मार्च २०२४ला उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली. घटनेपासून सतरा वर्षं उलटली होती. इतकी वर्षं एका खटल्याच्या तारखांना हजर राहणारा बातमीदार कोणत्याही वृत्तपत्राला महाग पडतो, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट पहिल्या प्रेसनोटपाशीच थांबली असती.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ला, बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरील लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. ‘बदला पुरा’ असे फलक मुंबईत लागले. दोनच दिवसांत उच्च न्यायालयाने विचारलं, गोळी डोक्यात का, पायावर का नाही? जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल न्यायालयात आला. व्हॅनमधल्या पाच पोलिसांना अहवालाने मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं, आणि आरोपीने हिसकावल्याचं सांगितलेल्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते.